हरल्याचा निरोप

आमच्या घरी एसी आहे, हे आधीच सांगून टाकते. तरी चैत्र संपत आला की मी कूलर काढते. नव्या रायपुरातला हा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली रुंदच्या रुंद रस्ते, त्यावर दुपारी कुत्रंही दिसत नाही, आणि बाल्कनीत आमचा पत्र्याचा जुना कूलर. माझा मुलगा निखिल दरवर्षी कपाळाला हात लावतो. "मम्मी, इसको अब छोड़ो ना." मराठी सगळं कळतं त्याला, पण उत्तर हिंदीतच. मी म्हणते, तुझा एसी गार करतो, हा कूलर उन्हाळा घरात आणतो, फरक आहे बाबा. मग खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या बसवायच्या, पाणी सोडायचं, आणि पंप सुरू झाला की तो पहिला ओला वास आला पाहिजे. काल आला. मी तिथेच मोडा टाकून बसले आणि फोन हातात घेतला. तिथेच माझं डोकं फिरलं.

झालं असं की आमच्या मराठी मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर परवा एका वयस्क सभासदाच्या जाण्याची बातमी आली. खाली शोकसंदेश. मंडळातले लोक एरवी "ॐ शांती" लिहून मोकळे होतात. यावेळी बाप्पा काय एकेकाची भाषा! 'त्यांच्या स्मृतींचा सुगंध आपल्या मनात सदैव दरवळत राहील.' एकानं लिहिलं, दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानंही तोच सुगंध तसाच दरवळवला. मग कोणीतरी विचारलं, अहो, हे मशीननं लिहून दिलंय का? झाली सुरुवात. दोन दिवस नुसती जुंपली आहे. एक बाजू म्हणते, भावना आपलीच, मशीननं फक्त शब्द नीट केले, काय बिघडलं? दुसरी म्हणते, मग रडायलाही मशीनच लावा. माणूस गेला ते राहिलं बाजूला. तिरडीच्या मागे चालतानाही आम्ही मराठी माणसं वाद सोडायचो नाही.

निखिलचं मत स्वच्छ आहे. "फीलिंग तो वही है ना मम्मी. बस, लँग्वेज ठीक कर दी." त्यानं मला माझ्या फोनमधलं ते बटणही दाखवलं. आपण ओबडधोबड लिहायचं, बटण दाबायचं, तो छान करून देतो. मी म्हटलं, ठेव तुझं बटण तुझ्यापाशी. जरा जोरातच म्हटलं असावं. तो उठून आत गेला. त्या पोराला तेव्हा कसं सांगणार होते की हे बटण मला नवं नाही? एका उन्हाळ्यात मी स्वतःच ते बटण झाले होते.

राज्य नवं होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही चौबे कॉलोनीत राहायचो, बाबा आणि मी. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती, माझं लग्न व्हायचं होतं. शहराला राजधानी झाल्याचा नुसता हुरूप चढला होता. जिकडेतिकडे 'संचालनालय' अशा ताज्या रंगाच्या पाट्या, लाल दिव्यांच्या गाड्या, भाड्याच्या बंगल्यांत थाटलेली सरकारी कार्यालयं. अशाच एका बंगल्याच्या स्वयंपाकघरात माझं टेबल होतं. ओट्यावर फायली आणि सिंकमध्ये आवक-जावकचे गठ्ठे. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आणि गच्च्यांवर टॉवर उगवत होते. मोबाइलचे. आमच्या समोर तिवारीजींच्या गच्चीवर एक उभा राहिला, लाल-पांढरा, पायाशी राखाडी रंगाच्या लोखंडी पेट्या.

बाबा रेल्वेत तारबाबू होते. म्हणजे स्टेशनात बसून खटक्यावर कट्-कट करत तारा पाठवायच्या आणि घ्यायच्या. अकोल्याकडचा माणूस, नोकरीनं इकडे आला आणि इकडचाच झाला. 'हो'ला इकडच्यासारखं 'हव' म्हणायचे, संध्याकाळी बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, मागायचे, कांदा-मिरचीसोबत. पण मराठी मात्र शेवटपर्यंत वऱ्हाडी. बोलणं कमी. तारेत शब्द मोजून घालायची सवय, ती घरातही होती. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणायचे, "मीठ. बाकी ठीक."

त्यांना इंटरनेटचं वेड मीच लावलं. ऑफिसातून येताना मी साहू भैयाच्या सायबर कॅफेत तासभर बसायची. बाहेरगावच्या मराठी लोकांचं एक चर्चेचं पान होतं. कोणीही यावं, काहीही बोलावं. कोणी अमेरिकेतून, कोणी बडोद्याहून, कोणी अमरावतीहून. क्लोन केलेल्या मेंढीला आत्मा असतो का, रोबो पोळ्या लाटेल का, मोबाइल खिशात ठेवल्यानं हृदय बिघडतं का, असल्या विषयांवर तावातावानं भांडायचे. एकदा मी चार पानं छापून घरी आणली, वाचून हसावं म्हणून. बाबा हसले नाहीत. चष्मा लावून वाचली, पेन काढलं, आणि पानाच्या मागं उत्तर लिहिलं. "हे पाठव."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. संध्याकाळी मी कागद आणायची, सकाळी चहासोबत बाबा पाठकोऱ्या बाजूवर उत्तर लिहून द्यायचे, ऑफिस सुटल्यावर मी ते टाइप करायची. नाव घेतलं होतं 'तारबाबू'. रोमन लिपीतली मराठी, आणि सगळी मोठी अक्षरं, कारण तार मोठ्याच अक्षरात लिहायची असते. मीही तशीच टाइप करायची. आम्हा दोघांना काय ठाऊक, की त्या दुनियेत मोठ्या अक्षरात लिहिणं म्हणजे ओरडणं! "आजोबा, ओरडू नका", "कोणीतरी आजोबांना पाणी द्या", असं खाली येऊ लागलं. मी बाबांना म्हटलं, लोकांना वाटतं तुम्ही रागावलात. ते म्हणाले, "राग? मले? काहून?" आणि पुढचा निरोपही मोठ्याच अक्षरात लिहिला.

मी पाठवून घरी आले की बाबा विचारायचे, "गेली?" मी म्हणायची, गेली. "वाचून दाखव." मग मी त्यांचाच कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. तारघरातला नियमच तसा. पाठवलेलं परत वाचून पक्कं करायचं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी मान हलवायचे.

चिमण्यांचा वाद सुरू झाला तो त्याच उन्हाळ्यात. कोणीतरी बातमी टाकली की मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या नाहीशा होत आहेत. बाबांचा जीव की प्राण असलेला विषय. आईच्या वेळी अंगणात तांदूळ निवडायला सूप घेऊन बसलं की चिमण्यांचा गराडा पडायचा, आता सूप रिकामं. त्यांनी लिहिलं: 'टॉवरआधी चिमण्या होत्या. नंतर नाहीत. टॉवर दोषी.' पानावर हलकल्लोळ. निम्मे बाबांच्या बाजूनं, निम्मे थट्टेला. आणि त्यात एक नवं नाव आलं, अबोली. अमरावतीला प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी. तिनं लिहिलं: 'काका, टॉवरच्या आधी कवेलूसुद्धा होते. ते कधी गेले?'

बाबांनी तो कागद तीनदा वाचला. मग वर पाहिलं. आमचं छत सिमेंटचं. तिवारीजींचं सिमेंटचं. पलीकडच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, कवेलूची कौलारू घरंही एकेक करून स्लॅबची झाली होती; कौलांखाली घरटी व्हायची, स्लॅबला कुठे होणार? "पोट्टी हुशार आहे," बाबा म्हणाले. त्यानंतर वाद असा रंगला की काय सांगू. ती विचारायची, काका, पिल्लांना अळ्या लागतात, तुमच्या अंगणात झाडं किती उरली? बाबा उत्तर द्यायचे, 'पेरू एक. कडुनिंब तोडला.' ती म्हणायची, मग टॉवरला एकट्याला फाशी का? सगळे बाबांना आजोबा म्हणून चिडवायचे. ती काका म्हणायची आणि मुद्द्यावर धरायची. शेवटी तिनं एक काम दिलं. 'पंधरा दिवस सकाळी फक्त टॉवर बघा. टिपून ठेवा. जे दिसेल ते मला सांगा, मी मान्य करीन.'

बाबांना ड्यूटी लागली! इतक्या दिवसांनी मी त्यांना घड्याळाकडे पाहून उठताना पाहिलं. सहाच्या आत गच्चीवर, डोक्याला ओला पंचा, मांडीवर जुनं रेल्वेचं रजिस्टर. आठनंतर ऊन असं चावतं रायपुरात की गच्चीवर पाय ठेववत नाही, तरी उतरायचे नाहीत. कैरीचं पन्हं मी वर नेऊन द्यायची. रजिस्टरात वेळ आणि दिसलेलं, दोनच रकाने. पारवे. कावळा. पोपट, उडत. मी म्हणायची, बाबा, लू लागेल, बस करा. "ड्यूटी संपली नाई," एवढंच.

अक्तीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीत पोरींची बाहुला-बाहुलीची लग्नं चालली होती. कुठे डबा वाजतोय, कुठे वरात निघतेय. बाबा गच्चीवरून लगबगीनं खाली आले, पंचा खांद्यावर. चेहरा असा फुललेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. कागद माझ्या हातात दिला. 'दावा चूक. टॉवरच्या पेटीतच घरटं. पिल्लं तीन. अबोली बरोबर. आभार.' म्हणाले, "आजच पाठव हं."

मी दुपारी कॅफेत गेले. पान उघडलं. पंधरा दिवस बाबा गप्प होते, त्यावर लोकांनी पार मजा मांडली होती. 'आजोबा हरले.' 'आजोबांची तार तुटली.' 'टॉवरनं चिमण्यांआधी आजोबांनाच गायब केलं.' खाली हसऱ्या तोंडांचे गोळे, रांगच्या रांग. माझ्या कानात कढत पाणी ओतल्यासारखं झालं. माझा बाप भर उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून बसतो आणि हे कोण टिकोजीराव दात काढणार? आणि यांच्यासमोर मी लिहू, दावा चूक? नाही लिहिलं. तारबाबूच्या नावानं, मोठ्या अक्षरात, मी लिहिलं: 'चार पुस्तकं वाचून ज्यांना चिमणी कळाली असं वाटतं त्यांनी आधी एक उन्हाळा गच्चीवर काढून दाखवावा. आम्ही आयुष्यभर पाखरं पाहिली, तुम्ही फक्त त्यांच्यावर परीक्षेचे पेपर लिहिले.' आणि पाठवून दिलं. राग आला होता थट्टा करणाऱ्यांचा, पण पुस्तकं आणि पेपर म्हटल्यावर ते कोणाला लागणार हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. तेव्हा फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. येताना उसाचा रस प्याले.

"गेली?" बाबांनी विचारलं. गेली, म्हटलं. "वाचून दाखव." मी त्यांचा कागद उघडला आणि वाचून दाखवला. दावा चूक. टॉवरच्या पेटीतच घरटं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून विचारणं सुरू. "उत्तर?" नाही बाबा. "तिची परीक्षा असंल." तिसऱ्या दिवशी, "उत्तर?" नाही. "गावाले गेली असंल." खरोखरच उत्तर नव्हतं. अबोलीनं त्या दिवसानंतर एक अक्षर लिहिलं नव्हतं. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या, वा आजोबा, काय फटका मारला! मी ती पानं छापलीच नाहीत. प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगितलं. आठवड्यानं बाबांनी आणखी एक चिठ्ठी दिली: 'पिल्लं उडाली. तीनही.' ही कुठे पाठवू मी? पहिलीच गेली नव्हती. पर्समध्ये ठेवली. दोन दिवसांनी अजून एक: 'पेटीत पुन्हा काड्या. दुसरं घरटं.' तीही पर्समध्ये. घरी येऊन दोन्ही वाचून दाखवल्या. माझा आवाज बारीक व्हायचा, ते म्हणायचे, "मोठ्यानं वाच."

मी अनेकदा विचार केलाय, तेव्हा सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं. रागावले असते, संध्याकाळपर्यंत अबोला धरला असता, संपलं असतं. पण मला ते धाडस झालं नाही. रोज वाटायचं, आज ती काहीतरी लिहील आणि मी सुटीन.

ती काही लिहीना, तेव्हा बाबा स्वतःच उठले. मी ऑफिसात असताना, रणरणत्या दुपारी, छत्री घेऊन कॅफेत गेले. साहू भैयाला म्हणाले, तारबाबूचं पान काढ. त्यानं कौतुकानं काढून दिलं आणि वर म्हणाला, "बाबूजी, का जवाब दे हव!" म्हणजे, काय उत्तर दिलंत! हे मला साहू भैयानंच नंतर सांगितलं. बाबा खुर्चीत किती वेळ बसले हेही सांगितलं.

मी घरी आले तर कूलर बंद, बाबा त्याच्यासमोर बसलेले. मी काही विचारायच्या आधीच कळलं. चप्पलही काढली नाही, तशीच उभी राहिले.

"पस्तीस वर्षं लोकायच्या तारा पाठवल्या म्या," ते म्हणाले. "मेल्याची, नोकरीची, पोट्टं झाल्याची. येकीतबी माहा शब्द नाई घातला."

"बाबा, ते लोक तुम्हाला हसून राहिले होते. मला सहन नाही झालं."

"हसू दे ना! हसून काय होते?" आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "मी रिटायर झालो तसे सारे हव-हव करते मले. बाबूजी बरोबर, काका बरोबर. कोणी चूक म्हणत नाई. म्हाताऱ्याच्या काय तोंडी लागायचं? त्या पोरीनं म्हणलं. कामाले लावलं मले. मी हरलो होतो सुनंदा, अन् मले किती बरं वाटून राह्यलं होतं. तुले नाई समजलं?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग उठून कूलर लावला आणि म्हणाले, "उद्या मले टायपिंग शिकव."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साहू भैयानं कोपऱ्यातली खुर्ची दिली, मी शेजारच्या खुर्चीवर. बाबा एका बोटानं टाइप करत होते, प्रत्येक अक्षर आधी कीबोर्डवर शोधून. 'आधीचा निरोप या स्टेशनाहून चुकीचा गेला. खेद आहे. खरा निरोप खाली.' मग तिन्ही चिठ्ठ्या, जशाच्या तशा, माझ्या पर्समधून काढून. मी म्हटलं, बाबा, माझं नाव लिहा ना, मी केलं म्हणून. ते म्हणाले, "स्टेशन येकच असते." पुढे कधीही त्यांनी मला निरोप टाइप करायला दिला नाही. स्वतः जायचे, एका बोटानं. मी सोबत जायची, पाण्याची बाटली धरून बसायची.

काल कूलरसमोर बसून मी ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या, पुसल्या. परत लिहिल्या. निखिल पाण्याला बाहेर आला, मागून वाचून म्हणाला, "थोड़ा लंबा हो गया. ठीक कर दूँ?" मी त्याच्याकडे पाहिलं. पोर मनानं चांगलं आहे. आईचं लिहिणं लोकांत नीटनेटकं जावं, कोणी हसू नये, एवढंच त्याला वाटतं. मलाही त्या दुपारी तेवढंच वाटलं होतं. मी त्याला खाली बसवलं आणि हे सगळं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, त्याच्या बाबांनाही नाही. त्यानं मध्ये एकदाही फोन पाहिला नाही. शेवटी विचारलं, "फिर? उसका जवाब आया?"

आलं. कूलर बंद करायचे दिवस आले होते तेव्हा, दीड महिन्यानं. बाबांनी स्वतः पान उघडलं आणि मला म्हणाले, आलं. अबोलीनं लिहिलं होतं: 'काका, तो निरोप तुमचा नव्हता हे मला तेव्हाच समजलं होतं. तुम्ही इतके शब्द कधीच खर्च केले नसते. त्याचा राग आला नाही. पण तुमच्या नावानं दुसरं कोणी लिहितं हे कळल्यावर प्रश्न पडला, की मग आधी मी कोणाशी बोलत होते? तुमच्याशीच ना? आताही कोण लिहितंय मला कळत नाही. म्हणून थांबले.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तारेवर हात ओळखू येते. गोंदियाले कोण बसला, डोंगरगडाले कोण बसला, नुसत्या कट्-कटवरून सांगत होतो मी. इथं कसा दाखवू हात?" मग त्यांनी टाइप केलं. 'आधीचे सर्व मीच. पुरावा नाही.' आणि पाठवलं. त्यावर काही आलं नाही. ना त्या वर्षी, ना नंतर.

पुरावा होता. ते प्रत्येक अक्षर त्यांचंच होतं, हे शपथेवर सांगू शकणारं एक माणूस त्या कॅफेत, त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलं होतं. पण माझं म्हणणं आता कोणी कशाला खरं मानलं असतं?